दवाखान्याचं शटर खाली येण्याआधी

ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला चालल्यात, आणि तळमजल्यावरचे दवाखानेही त्यांच्याबरोबर. आमच्या डॉक्टरांनी तर नवी जागा शोधलीच नाही. दारावर पाटी लावली, ‘महिनाअखेरपासून दवाखाना कायमचा बंद’. अशी पाटी दिसली की लोक पेढे घेऊन भेटायला जातात. पेढे न्याच, पण आपले तिथले जुने कागद घरी आणायला एक रिकामी फाईलही न्या.

निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाचं नाव कागदावर लिहून काढा, तिथे नोंदवलंय तसंच. आईचा केसपेपर कित्येक वर्षं बाबांच्याच कार्डाच्या मागच्या बाजूला चालू होता, आणि आम्ही तिच्या नावाने शोधत बसलो. ज्याचे कागद तो स्वतः येणार नसेल, तर त्याच्या सहीची दोन ओळींची चिठ्ठी आणि आधारची झेरॉक्स. ऐन गर्दीत जाऊ नका. दुपारी पेशंट संपत आले की कंपाउंडरला गाठा. कुठल्या खोक्यात काय आहे ते त्यालाच ठाऊक असतं.

नियमाचं म्हणाल तर डॉक्टरांच्या २००२ सालच्या आचारसंहितेत कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत असं आहे. मात्र तीन वर्षं जपून ठेवायची सक्ती आहे ती दाखल झालेल्या रुग्णांच्या कागदांची. बीपी-शुगरच्या साध्या केसपेपरला ती लागू नाही, म्हणून नियम दाखवण्यापेक्षा वेळेत पोचलेलं बरं. नर्सिंग होम बंद होत असेल तर मात्र लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशनच्या नोंदीही मागा.

केसपेपर मिळाला म्हणजे काम झालं असं नाही, कारण तो वाचता कोणाला येतो? आईच्या कार्डाच्या कोपऱ्यात लाल शाईचा एक गोल होता, आत दोन अक्षरं. मी विचारलं तेव्हा डॉक्टर चष्मा वर करून म्हणाले, "सल्फाच्या औषधांची ॲलर्जी. अंगभर गांधी उठल्या होत्या वहिनींच्या, विसरलात?" आई साफ विसरली होती. नव्या डॉक्टरला तो गोल कधीच कळला नसता. तेव्हा लेटरहेडवर एक पान लिहून मागाच: कशाची ॲलर्जी, बीपी-शुगर कुठल्या सालापासून, आत्ताच्या गोळ्या किती मिलिग्रॅमच्या, कुठली गोळी देऊन पाहिली आणि का बंद केली. ही शेवटची गोष्ट बहुतेक वेळा फक्त त्यांच्या डोक्यात असते. साल नीट घाला. मेडिक्लेमची भांडणं आजार पॉलिसीच्या आधीचा की नंतरचा यावरूनच होतात. खाली सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा.

ईसीजीच्या पट्ट्यांची आधी झेरॉक्स काढा. तो कागद उष्णतेवर उमटणारा, काही वर्षांत पुसट होतो. जपण्याच्या हौसेने लॅमिनेशन तर मुळीच करू नका. बाबांची एक पट्टी मी तशीच काळी ठिक्कर करून आणली आहे. एमआरआयची सीडी मिळाली तर उघडते का ते लगेच बघा, आता सीडी लावायला लॅपटॉप तरी कुठे उरलेत. रक्ताचे रिपोर्ट थेट लॅबकडे मागा. बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आणि ब्लॉक (काढलेल्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि मेणात जपलेला भाग) हेही तिथेच चौकशी करून घ्या.

शटर आधीच पडलं असेल तर शेजारच्या मेडिकलवाल्याला विचारा, डॉक्टरांचा घरचा पत्ता बहुधा त्याच्याकडे असतो. नाहीच लागला तर जुन्या चिठ्ठीवरची पदवी बघा, म्हणजे कुठल्या कौन्सिलकडे चौकशी करायची ते कळेल. एमबीबीएसची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. आयुर्वेद आणि होमिओपॅथीवाल्यांच्या कौन्सिल वेगळ्या.

शेवटच्या दुपारी मी गेलो तेव्हा कंपाउंडर कोणी न नेलेली कार्डं फाडत बसला होता. वरच शेजारच्या काकूंचं कार्ड. मी मागितलं, तर म्हणाला, "दुसऱ्याचं नाही देता येत, बोलवा त्यांना." फोन केला तेव्हा काकू गावदेवीच्या मंडईत भाजी घेत होत्या. पिशवीसकट आल्या.