शाईपेनात नवनव्या शाया वापरताना या चुका टाळा

शाईपेन अडले की बहुतेक जण प्रथम निबेवर संशय घेतात, ती कागदावर दाबून पाहतात किंवा तिच्या चिरेत ब्लेडचे पाते घालतात. वाकलेली निब पूर्ववत करणे अवघड असते आणि दोष बहुधा तिचा नसतोच. निबेखालच्या जिभेत, म्हणजे निबेला शाई पुरवणाऱ्या खाचांच्या तुकड्यात, वाळून बसलेली जुनी शाई वाट अडवत असते. रोजच्या लिखाणात जांभळ्या, शेवाळी, विटकरी शायांची मौज घ्यायची असेल, तर पेनाइतकाच शाईचाही स्वभाव जाणून घ्यावा लागतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई पेनात भरणे. तिच्यात काजळीचे कण आणि लाखेसारखे चिकट द्रव्य असते, जे एकदा वाळले की पाण्याने सुटत नाही. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जपलेल्या मोडी कागदांच्या काळात काजळीची शाई चालत असे, कारण लिहिणाऱ्याच्या हातात बोरू होता. तो पुसून ठेवता येतो, जिभेतल्या केसाएवढ्या खाचा पुसता येत नाहीत. पाण्याने न जाणारे अक्षर हवेच असेल, तर प्लॅटिनम कार्बन ब्लॅकसारखी शाईपेनासाठीच बनवलेली पिगमेंट (बारीक रंगकणांची) शाई घ्यावी आणि ती भरलेले पेन पडून राहू देऊ नये.

दुसरी चूक पेन न धुता रंग बदलण्याची आहे. काही शाया आम्लधर्मी तर काही अल्कधर्मी असतात, आणि त्या एकत्र आल्यास साका धरू शकतो. साधे, गार पाणी कन्व्हर्टरने, म्हणजे पेनातल्या शाई ओढणाऱ्या छोट्या पंपाने, ओढून सोडत राहावे. गरम पाणी किंवा स्पिरिट वापरू नये, कारण त्याने प्लास्टिकला इजा होऊ शकते. पाणी स्वच्छ दिसू लागले तरी काम संपलेले नसते. निबेचे टोक टिपकागदावर टेकवून ठेवले, तर जिभेत दडलेला रंग हळूहळू बाहेर येतो. डाग पडायचा थांबला की निब खाली करून पेन मऊ फडक्यात रात्रभर उभे ठेवावे. एवढा धीर न धरता भरलेली नवी शाई उरलेल्या पाण्याने पातळ होते, पहिले पान फिके उमटते आणि आपण विनाकारण त्या शाईला नावे ठेवतो. एबोनाइटचे (कडक रबराचे) पेन मात्र पाण्यात बुडवून ठेवू नये, त्याचा रंग उतरतो.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात दोन गोष्टी जपाव्या लागतात. रॉयल ब्लू शाई पाण्याने सहज धुऊन जाते, त्यामुळे पाकिटावरचा पत्ता किंवा कार्यालयात द्यायचा अर्ज तिने लिहू नये. तसेच बाटली उघडी ठेवू नये आणि पेनातली उरलेली शाई पुन्हा बाटलीत ओतू नये, कारण बुरशीला तेवढे निमित्त पुरते. शाईत तंतू तरंगताना दिसले किंवा कुबट वास आला, तर शाई कितीही महागडी असली तरी गाळून वाचवण्याचा मोह टाळावा आणि ती टाकून द्यावी.

लोहयुक्त आयर्न गॉल शाई वाळताना निळ्याची काळी होत जाते, आणि तो बदल पाहण्यासारखा असतो. मात्र तिच्या आम्लामुळे पोलादी निब गंजू शकते, म्हणून असे पेन नेमाने धुवावे. चकाकीच्या शायांचे कण तळाशी बसतात, त्यामुळे भरण्यापूर्वी बाटली हलवावी. कागदावर शाई फुटत असेल, तर आधी वही बदलून पाहावी.

ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायच्या पेनातून अचानक थेंब पडतो, तेव्हाही दोष शाईलाच दिला जातो. खरे तर नळी बरीच रिकामी झाली की आतली हवा हाताच्या उबेने प्रसरण पावते आणि शाईला बाहेर ढकलते. शाई तळाला जाण्याची वाट न पाहता नळी पुन्हा भरावी आणि आट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस लावावे.