घरी बांधलेल्या गाडीचे कुलंट होज : या चुका टाळा

कोल्हापुरात घरामागच्या शेडमध्ये चासी वेल्ड करून स्वतःची गाडी उभी करणाऱ्याला लेथवाला, वेल्डर आणि रेडिएटर दुरुस्त करणारा असे सगळे शिवाजी उद्यमनगरच्या गल्ल्यांत भेटतात. इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन यांवर महिनोन्‌महिने विचार होतो. पाण्याचे होज, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे कुलंट इंजिन आणि रेडिएटर यांच्यात फिरवणाऱ्या रबरी नळ्या, मात्र सगळे बसवून झाल्यावर उरलेल्या जागेतून ओढले जातात. बहुतेक चुकांचे मूळ मला इथेच दिसते. होजचा मार्ग पाणी आणि हवा ठरवतात, म्हणून तो इंजिनाचे माउंटिंग ठरवतानाच कागदावर काढला पाहिजे.

मी स्वतः तो काढला नव्हता. मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन मागे बसवले आणि रेडिएटर पुढे ठेवला, तेव्हा मूळ गाडीत हातभर लांबीचे असलेले होज जाऊन-येऊन पाच मीटर झाले. वाटेत चासीची एक आडवी नळी होती. तिच्याखालून जाण्यासाठी ब्रॅकेट कापावे लागले असते, म्हणून मी इंजिनाकडून येणारा गरम होज तिच्यावरून नेला. चढ जेमतेम चार बोटांचा होता, पण कुलंट भरताना त्या उंचवट्यात हवा अडकून राहिली आणि पाणी फिरेना. पहिल्याच चाचणीत तापमानाचा काटा ९५ च्या वर गेला आणि मग झर्रकन खाली आला. इंजिन थंड झाले असे समजून मी ते चालूच ठेवले. प्रत्यक्षात सेन्सरभोवती पाणीच उरले नव्हते आणि तो नुसत्या हवेचे व वाफेचे तापमान दाखवत होता. इंजिनाचे हेड (सिलिंडरवरचे झाकण) वाकले आणि त्याखालचे गॅस्केटही गेले. तापलेल्या इंजिनाचा काटा कारणाशिवाय अचानक खाली आला, तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे आणि पूर्ण थंड होईपर्यंत कॅपला हात लावू नये.

यावर उपाय असा, की होज हेडर टाकीच्या (कुलंट भरण्याच्या वरच्या टाकीच्या) दिशेने सतत चढता ठेवावा आणि टाकी इंजिन व रेडिएटर या दोन्हींपेक्षा उंच बसवावी. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यापासून टाकीपर्यंत ६ ते ८ मिमीची बारीक नळी नेली, की अडकलेली हवा आपोआप परतते. उंचवटा टाळता येतच नसेल, तर त्याच्या माथ्यावर हवा सोडण्याचा स्क्रू बसवावा. लांब टप्प्यासाठी अखंड रबर न वापरता ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेस स्टीलची नळी वापरावी आणि होज फक्त दोन्ही टोकांना जोडावा. रबराचा लांब होज तापल्यावर मऊ पडून मध्येच झोळ धरतो आणि त्या झोळामुळे काळजीपूर्वक राखलेला चढ बिघडतो. ३२ मिमी आतील व्यासाच्या नळीत मीटरमागे सुमारे ०.८ लिटर कुलंट मावते. म्हणजे पाच मीटरला चार लिटर. तेवढे कुलंट तापून फुगते, तेव्हा त्याला जागा हवी, म्हणून मूळ गाडीची छोटी टाकी इथे पुरेलच असे नाही.

होज निवडताना ‘पाण्याचाच तर आहे’ म्हणून बागेचा पाईप किंवा पेट्रोलचा होज लावणे ही घातक चूक आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने उघडे पाणी इथे ९८ अंशांच्या आसपास उकळते, पण ०.९ बारची रेडिएटर कॅप हाच बिंदू ११५ च्या पुढे नेते. होज फुटला, तर इतके तापलेले पाणी क्षणात वाफ होऊन बाहेर पडते. म्हणूनच प्रवाशाच्या पायांजवळून रबराचा जोड नेऊ नये. आत कापडाची वीण असलेला ईपीडीएम (उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम) रबराचा होज घ्यावा. तो बसवताना ग्रीस किंवा ऑइल लावू नये, कारण खनिज तेलाने हे रबर फुगते. साबणाचे पाणी पुरते. काटकोनात वळण हवे असेल, तर सरळ होज दाबून वाकवू नये. आतून तो चपटा होतो आणि बाहेरून ते लक्षात येत नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात नळीचा तुकडा घेऊन जावे, कोणत्याही गाडीचा साच्यातला वळणदार होज शोधावा आणि हवा तेवढा भाग कापून घ्यावा. कुलंट फिरवणाऱ्या पंपाच्या ओढीच्या बाजूचा होज मऊ असेल, तर वाढत्या आरपीएमला तो आत चिकटतो. तिथे जाड भिंतीचा किंवा आत स्प्रिंग असलेलाच होज हवा.

धातूच्या नळीचे टोक गुळगुळीत ठेवले, तर क्लिप कितीही आवळली तरी होज निसटू शकतो. टोकाला उभार काढून घ्यावा आणि क्लिप त्या उभाराच्या मागे बसवावी, उभारावर नव्हे.

इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, चासी हलत नाही. म्हणून दोन्हींमधला होज ताणलेला नसावा. एक्झॉस्टपासून निदान ५० मिमी अंतर ठेवावे आणि तेही शक्य नसेल, तर मध्ये पत्रा घालावा. पत्र्याच्या भोकातून होज नेताना कडेला रबरी ग्रोमेट (संरक्षक कडे) बसवावा.

जुना होज वापरणार असाल, तर थंड असताना क्लिपपासून दोन बोटे अंतरावर तो चिमटीत दाबून पाहावा. मधला भाग टणक आणि टोकाकडचा भाग पोकळ, भेगाळल्यासारखा लागत असेल, तर तो आतून चिरलेला असतो. बाहेरचे रबर कितीही चकचकीत दिसले, तरी असा होज टाकून द्यावा.

सगळे जोडल्यावर हातपंपाने कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरावी आणि पंधरा मिनिटे दाबाचा काटा खाली येतो का ते पाहावे. पहिली चाचणी बंदिस्त आवारातच घ्यावी, कारण नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. गाडी दोन-तीनदा तापून थंड झाली, की रबर थोडे बसते. त्यानंतर, इंजिन गार असताना, प्रत्येक क्लिप पुन्हा एकदा आवळून टाकीतील पातळी पाहावी.