वाळवंटातल्या सौर प्रकल्पाची बातमी कशी जोखावी

राजस्थानात फलोदीजवळच्या एका सौर प्रकल्पावर मी सहा वर्षं देखभालीचं काम केलं. गाव माझं नान्नजजवळ, सोलापूर जिल्ह्यात. कुठं मोठा सोलर पार्क झाला की गावाकडून मोबाइलवर बातमी येते आणि खाली प्रश्न असतो, "एवढ्यानं आपलं भागेल का?" उत्तर मी कसं काढतो ते इथं लिहितो. कागद-पेन्सिल पुरते.

आधी मेगावॉटचे युनिट करा. एक मेगावॉट चोवीस तास पूर्ण चालला तर 24,000 युनिट होतात, पण ऊन तेवढा वेळ नसतं. थारमध्येही वर्षाची सरासरी त्याच्या चौथाईच्या आसपास धरायची, म्हणजे दिवसाला 6,000 युनिट. राजस्थानातलाच भडला सोलर पार्क 2,245 मेगावॉटचा. गुणलं की दिवसाचे सुमारे 1 कोटी 35 लाख युनिट येतात. एवढी वीज धुराशिवाय तयार होते, आणि स्वस्तातही. मे 2017 मध्ये याच पार्कच्या लिलावात दर युनिटला 2 रुपये 44 पैशांपर्यंत उतरला होता. म्हणून मी या प्रकल्पांच्या बाजूचा आहे, पण पुढचा हिशेब केल्याशिवाय नाही.

'तिकडं ऊन कडक, म्हणजे वीज जास्त' हे अर्धंच खरं. पॅनलला उजेड हवा, ताप नको. त्याची क्षमता 25 अंशाला मोजलेली असते. पुढं दर अंशाला साधारण 0.35 टक्के घट धरा. मे महिन्यात दुपारी पॅनलच्या पाठीला तापमापक लावला की 65 अंश दिसायचे. चाळीस अंश जादा, म्हणजे 14 टक्के वीज गेली. आमचे उत्तम दिवस फेब्रुवारी-मार्चचे: स्वच्छ आभाळ, गार वारा.

पाण्याचा हिशेब स्वतःच करा, बातमीत तो बहुधा नसतो. आँधी, म्हणजे धुळीचं वादळ, येऊन गेली की सकाळी सगळ्या रांगा मातकट झालेल्या असतात. काचेवरून बोट ओढलं तर मागं निळी रेघ उमटते. पाण्यानं धुताना आम्ही एका पॅनलला दोन लिटर धरायचो. 100 मेगावॉटला 330 वॉटचे तीन लाख पॅनल लागतात. एका धुण्याला सहा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साठ टँकर. त्यात तिथलं पाणी खारं. तसंच मारलं तर काचेवर पांढरे डाग सुकतात, म्हणून त्यातले क्षार गाळून काढावे लागतात, आणि त्यात आणखी पाणी वाया जातं. ज्या रस्त्यानं आमचे टँकर यायचे, त्याच रस्त्यानं ढाण्यांना, म्हणजे तिथल्या वस्त्यांना, प्यायचं पाणी जायचं. तेव्हा 'कोरडी सफाई' हे शब्द शोधा. रात्री रांगेवरून ब्रश फिरवत जाणारे रोबोट असतील तर पाणी वाचतं.

संध्याकाळी सातला काय, हेही विचारा. घराघरांत दिवे, पंखे लागतात तेव्हा पार्क शून्यावर असतो; बॅटरी किती तास पुरेल, ते बातमीत असायला हवं. उलट भर दुपारी वीज वाहून नेणारी लाइन अपुरी पडली की 'बॅकडाउन'चा, म्हणजे वीज कमी करा असा, निरोप येतो आणि चांगल्या उन्हात इन्व्हर्टर खाली आणावे लागतात. ते करताना दर वेळी हळहळ वाटायची.

आता जमीन. भडल्याला साधारण 14,000 एकर लागले, म्हणजे मेगावॉटला सहाच्या आसपास. एवढ्यावर थांबू नका. सरकारी दप्तरात 'पडीक' लिहिलेली जमीन कुणाचं ओरण असू शकते: देवाच्या नावानं राखलेलं रान, आपल्या देवराईसारखं. तिथं खेजडी असते, म्हणजे आपली दसऱ्याची शमी. तिच्या सांगरीची, म्हणजे शेंगांची, भाजी घरात होते, पाला शेळ्या-उंटांना जातो. कुंपणाबाहेर भेटलेल्या एका मेंढपाळाला मी विचारलं होतं, आधी कुठं चारायचात? त्यानं पॅनलच्या रांगांकडं हात केला. आता पूर्ण वळसा घालून पाण्यापर्यंत पोचायला त्याला दुपार होत होती.

शेवटी विजेच्या तारा कुठून जातात ते बघा. लहानपणी आमच्या माळावर माळढोक पक्षी दिसायचा, आता तो तिथं जवळपास संपला. जैसलमेरकडं त्याला गोडावण म्हणतात, आणि उरलेले बहुतेक तिथंच आहेत. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळं समोरची तार उशिरा दिसते आणि जड अंगानं वळता येत नाही. एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या क्षेत्रातल्या तारा शक्य तिथं जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च 2024 मध्ये तो सौम्य करून तज्ज्ञांची समिती नेमली. म्हणून लाइन जमिनीखालून आहे का ते विचारा. नसेल तर तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा फिरत्या चकत्या लावल्यात का? मी सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन त्या मोजायचो. दोन टॉवरच्या मधे एकही नसली की दोन्ही टॉवरचे नंबर वहीत लिहायचे आणि सोमवारी वर कळवायचे.