अंगणवाडीतला आहार आणि मातृवंदनेचे पैसे: नोंदणी कधी, कुठे, कशी करायची

दिवस गेल्याचं नक्की झालं आणि दवाखान्यात नाव नोंदवलं, की त्याच आठवड्यात घराजवळच्या अंगणवाडीतही नाव नोंदवा. सातव्या महिन्यात ओटी भरून झाल्यावर बघू म्हणाल, तर तोवरचा आहार हातचा गेलेला असतो.

सरकारकडून मिळणाऱ्या दोन गोष्टींची लोक नेहमी गल्लत करतात. एक आहार, दुसरी पैसे. आहाराला उत्पन्नाची अट नाही आणि रेशनकार्डाचा रंगही कुणी विचारत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 नुसार गरोदर बाई, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंतची स्तनदा माता आणि सहा महिने ते सहा वर्षांचं मूल या सगळ्यांचा तो हक्क आहे. ‘आपल्याला काय गरज’ म्हणत कितीतरी घरं अंगणवाडीकडे फिरकत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. बाळाचं दर महिन्याचं वजन, लसीकरणाच्या दिवसाचा निरोप, गरोदरपणातल्या गोळ्यांची चौकशी, हे सगळं त्याच यादीवरून चालतं.

नोंदणीला जाताना आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल आणि दवाखान्यात मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा. शेवटच्या पाळीची तारीख लक्षात असू द्या. सेविकाताई ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅपमध्ये तुमची माहिती भरतात, फोटो घेतात, आणि मोबाइलवर ओटीपी येतो. जुलै 2025 पासून घरी न्यायचा आहार देताना चेहऱ्याची पडताळणीही होते. अडतं ते ओटीपीपाशी. आधारला नंबर नवऱ्याचा, नवरा कामावर, त्याला फोन लागत नाही, आणि अंगणवाडीच्या दाराशी तुम्ही आणि सेविकाताई ताटकळत उभ्या. म्हणून आधी आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. पुढे पैशांच्या वेळीही तोच उपयोगी पडतो.

आता पैसे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी 5000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात. शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत गरोदरपणाची नोंदणी आणि निदान एक तपासणी झाली की 3000, आणि बाळाची जन्मनोंद व पहिल्या टप्प्यातल्या लसी पूर्ण झाल्या की 2000. दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6000 रुपये एकाच हप्त्यात. इथे मात्र पात्रतेचा पुरावा लागतो. वार्षिक उत्पन्न 8 लाखांपेक्षा कमी असल्याचा दाखला, अन्न सुरक्षेचं रेशनकार्ड, मनरेगाचं जॉबकार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड, जातीचा दाखला (अनुसूचित जाती-जमातीसाठी) किंवा 40 टक्के अथवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, यांतला एकच पुरे. कायम सरकारी नोकरीतल्या आणि पगारी प्रसूती रजा मिळणाऱ्या स्त्रियांना ही योजना लागू नाही. नवऱ्याच्या आधारची सक्ती नाही, त्यामुळे एकट्या किंवा सोडून दिलेल्या बाईलाही अर्ज करता येतो. ‘नवऱ्याचे कागद आणा’ म्हणून कुणी परत पाठवलं तर हे ठामपणे सांगा.

अर्ज आशाताई किंवा अंगणवाडी सेविका भरून देतात, योजनेच्या पोर्टलवर स्वतःही भरता येतो. फी एक रुपयाही नाही. ‘साहेबांकडून करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात पासबुक देऊ नका.

पैसे अडकतात ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. पहिलं म्हणजे नाव. आधारवर माहेरचं आडनाव, पासबुकावर सासरचं, दवाखान्याच्या कार्डावर तिसरंच काहीतरी. माझं म्हणणं असं, की गरोदरपणात आधारवरचं नाव बदलायच्या भानगडीत पडू नका. आधारवर जे आहे तेच अक्षर न् अक्षर अर्जात आणि माता-बाल कार्डावर लिहून घ्या. सासरचं नाव लावायचं असेल तर दोन्ही हप्ते जमा झाल्यावर लावा.

दुसरं कारण बँक. केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे काम झालं असं नाही. पैसे आधारवरून येतात आणि ज्या खात्याला डीबीटीसाठी (म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार जोडलेलं असेल तिथेच पडतात. बऱ्याच जणींचं ते खातं शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी माहेरच्या गावी उघडलेलं असतं, त्याचं पासबुकही सापडत नाही, आणि हप्ता मुकाट्याने तिथे जाऊन बसतो. बँकेत नेमकं एवढंच विचारा: ‘माझ्या आधारवर डीबीटी कोणत्या खात्यात येतं?’ नको ते खातं निघालं तर हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा, म्हणजे त्या खात्याला आधार जोडण्याचा, अर्ज द्या. खातं एकटीच्या नावावर असावं.

बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर निघण्याआधी सेविकाताईंना सांगा. पोषण ट्रॅकरवर नाव एका अंगणवाडीतून दुसरीत पाठवता येतं, म्हणजे माहेरीही आहार मिळतो. तिथे नव्याने दुसरी नोंदणी करू नका, एकाच आधारवर दोन नोंदी चालत नाहीत.

बाळ झाल्यावर 21 दिवसांच्या आत जन्मनोंद करा. साडेतीन महिन्यांच्या, म्हणजे 14 आठवड्यांच्या लसी टोचून झाल्या की कार्डावर तारखा लिहून घ्या आणि दुसऱ्या हप्त्याचं आशाताईंना लगेच सांगा. अर्जच राहून गेला असेल तर बाळाच्या जन्मापासून 270 दिवसांच्या आत करता येतो. गर्भपात झाला किंवा मूल जन्मतः दगावलं, तर पुढच्या गरोदरपणात नव्याने अर्ज करता येतो. त्या दुःखात हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिलं.

सहा महिने झाले की आईचा आहार बंद होतो आणि बाळाचा सुरू होतो. नेमकं याच वेळी नाव गळतं. बाळाचं आधार नसलं तरी आईच्या आधारवर नोंद होते. वजनाला न्याल तेव्हा दंडाचा घेरही मोजून घ्या. पट्टीवर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण असतं. तशा बाळाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवा.

आहार मिळत नसेल किंवा पाकिटं कमी येत असतील तर आधी मुख्यसेविकांना (अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या ताईंना) सांगा, मग बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. सरकारी हेल्पलाइनवर आहाराचीही तक्रार होते आणि मातृवंदनेचीही. फोन करताना आधार आणि माता-बाल कार्ड जवळ असू द्या.