ऑटो ब्राइटनेस बंद करू नका, त्याला वळण लावा

भर दुपारी शेताच्या गटात उभं राहून ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, करायची म्हटलं की जीपीएस, कॅमेरा आणि पूर्ण ब्राइटनेसवरची स्क्रीन अशा तीन गोष्टी एकदमच बॅटरी खायला लागतात. जीपीएस आणि कॅमेरा काम झालं की थांबतात. स्क्रीनचं तसं होत नाही. उन्हात काही दिसेना म्हणून आपण ब्राइटनेसची पट्टी शेवटपर्यंत ओढतो आणि ती तशीच राहून जाते. रात्री शेतातल्या आखाड्यावर बाजेवर पडून व्हिडिओ बघताना देखील स्क्रीन दुपारसारखीच पेटलेली असते. बॅटरी खरी जाते ती या वेळेला. त्यात विजेची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली असेल, तर सकाळपर्यंत फोन बंद.

"ऑटो ब्राइटनेस बॅटरी खातं, बंदच ठेव" हा सल्ला मोंढ्यातल्या मोबाइलच्या दुकानापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे मिळतो. मला तो पटत नाही. ऑटो ब्राइटनेस म्हणजे बाहेरचा उजेड मोजून फोनने स्क्रीन आपोआप कमी-जास्त करणं. उजेड मोजणाऱ्या सेन्सरला लागणारी वीज स्क्रीनच्या मानाने नगण्य असते. ॲपल तर आयफोनमध्ये या बटणाखालीच लिहितं, की हे बंद केल्यास बॅटरीवर परिणाम होऊ शकतो. भर उन्हात एक लाख लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, तर रात्री ट्यूबलाइटखाली जेमतेम काही शे. एवढा फरक दिवसातून अनेकदा हाताने सांभाळणं कुणालाच जमत नाही. म्हणून हे काम फोनलाच करू द्या, पण नीट शिकवून.

सुरुवात सेन्सरपासून करा. तो बहुतेक फोनमध्ये स्क्रीनच्या वरच्या कडेला, सेल्फी कॅमेऱ्याच्या आसपास असतो. काही नव्या फोनमध्ये काचेच्या खाली. आपल्याकडे उन्हाळ्यातला फुफाटा आणि कापूस वेचणीच्या दिवसांतली धूळ टेम्पर्ड ग्लासच्या कडेत बरोबर तिथेच जाऊन बसते. मऊ कोरड्या कापडाने ती जागा पुसून घ्या. ग्लास वाकडी बसली असेल किंवा तिची काळी कड सेन्सरवर आली असेल, तर ती बदला. झाकलेल्या सेन्सरला दुपारीसुद्धा अंधारच दिसतो.

आता सेटिंग्जमध्ये 'डिस्प्ले' उघडा. अँड्रॉइडमध्ये 'अ‍ॅडॅप्टिव्ह ब्राइटनेस' किंवा 'ऑटो ब्राइटनेस' असं नाव दिसेल, ते चालू करा. बहुतेक आयफोनमध्ये हे बटण 'ॲक्सेसिबिलिटी'त, 'डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ'च्या अगदी तळाशी असतं. मग अंगणात उजेडात उभं राहून सेन्सरवर अंगठा ठेवा. काही सेकंदांत पट्टी खाली सरकली आणि अंगठा काढल्यावर वर गेली, तर सेन्सर ठीक आहे. उजेड कमी होताना फोन मुद्दाम थोडा सावकाश चालतो, त्यामुळे घाई करू नका.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक नेमकी तीच गाळतात. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, फोन तुमची आवड शिकतो. कोणत्या उजेडात तुम्ही पट्टी कुठे ओढली, हे तो लक्षात ठेवतो. म्हणून पहिला आठवडाभर ऑटो चालूच ठेवून चुका दुरुस्त करत राहा. रात्री घरात स्क्रीन जास्त वाटली की पट्टी खाली घ्या. अक्षरं आरामात वाचता येतील तिथे थांबा, त्याच्या वर नको. उन्हात दिसत नसेल तर वर घ्या, पण थेट टोकाला नेऊ नका. पट्टी डोळ्यांच्या अंदाजाने आखलेली असते. तिच्या शेवटच्या भागात थोडं बोट सरकलं तरी प्रत्यक्ष उजेड आणि त्यासोबत वीज भरभर वाढते. टोकावरून जरा मागे आलात तर डोळ्यांना फारसा फरक पडत नाही, बॅटरीला पडतो.

एक गोष्ट दुकानातही सहसा कुणी सांगत नाही. बऱ्याच अमोलेड फोनमध्ये, म्हणजे ज्यांच्या स्क्रीनचा प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो अशा फोनमध्ये, उन्हासाठी राखलेला जादा ब्राइटनेस ऑटो चालू असतानाच मिळतो. ऑटो बंद ठेवून पट्टी टोकाला नेली तरी रानात दिसत नसेल, तर कारण हेच असू शकतं. तो जादा उजेड बॅटरी जास्त खातो, म्हणून फोटो काढण्यापुरताच त्याचा उपयोग करा. फॉर्मची बाकीची माहिती लिंबाच्या किंवा बाभळीच्या सावलीत उभं राहून भरा. मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा तापलेला फोन स्वतःच स्क्रीन मंद करतो. तो सेन्सरचा बिघाड नव्हे. गाडीच्या टाकीवर ठेवलेला फोन सावलीत न्या, निवू द्या, पट्टीला हात लावू नका.

डार्क मोडचा, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीचा, फायदा अमोलेड स्क्रीनवरच होतो, कारण तिथे काळा भाग पेटतच नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजलं, तेव्हा पूर्ण ब्राइटनेसवर सरासरी ३९ ते ४७ टक्के बचत दिसली, पण ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर फक्त ३ ते ९ टक्के. म्हणजे आधी ब्राइटनेस आटोक्यात आणा, डार्क मोड नंतर. साध्या एलसीडी स्क्रीनवर त्याचा बॅटरीला जवळजवळ काहीच उपयोग नाही.

ऑटो बंद ठेवण्याची वेळही येते. झाडांच्या सावल्यांतून एसटी धावत असताना स्क्रीन सारखी खालीवर होते. तेवढ्या प्रवासापुरतं बंद ठेवा.

आठ-दहा दिवसांनी बॅटरीच्या सेटिंगमध्ये स्क्रीनचा वाटा बघा, आधीच्या तशाच एखाद्या दिवसाशी ताडून. वाटा कमी होऊनही चार्जिंग टिकत नसेल, तर रेंज तपासा. कमजोर रेंजच्या शिवारात फोन टॉवर धरून ठेवायला जास्त ताकद लावतो. तिथे काम नसताना मोबाइल डेटा बंद ठेवा.