पाच जीबीची फाइल, जागा फक्त चार केबी

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद अडत्याला सीसीटीव्हीच्या फाइली वाचणारा प्रोग्राम लिहून दिला होता. दोन जीबीपर्यंत सुरळीत, पुढे गडबड. तपासायला पाच जीबीची फाइल हवी आणि लॅपटॉपवर जागा उरलेली जेमतेम तीन! शेवटी पोकळ (स्पार्स) फाइल केली: साइज मोठी दिसते, पण न लिहिलेला भाग डिस्कवर जागा घेत नाही.

लिनक्सवर असं करा:

१. आपल्या प्रोग्रामिंग भाषेत नवी फाइल बायनरी मोडमध्ये लिहायला उघडा.

२. काहीही न लिहिता सीक करून (म्हणजे फाइलमधली लिहिण्याची जागा पुढे सरकवून) थेट ५,००,००,००,००० या जागी जा, तिथे एकच बाइट लिहा (मी ६५ लिहितो), फाइल बंद करा.

३. पुन्हा उघडून तिथलाच बाइट वाचा आणि साइज विचारा. ६५ आणि ५,००,००,००,००१ मिळालं तर ठीक. साइज ७०,५०,३२,७०५ आली तर समजा, आकडा कुठेतरी ३२ बिटांत कापला गेलाय.

हेच ३ अब्जावरही करून बघा. माझी चूक तिथेच सापडली: जागेचा आकडा उणे १,२९,४९,६७,२९६ झाला होता. पाच अब्जावर कापलेला आकडा उणे होत नाही, म्हणून नजरेतून सुटतो.

फाइलची साइज सांगणारी 'एलएस -एल' ही कमांड पाच जीबी दाखवेल, डिस्कवर खरी व्यापलेली जागा सांगणारी 'डीयू' मात्र ईएक्सटी४ वर (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) साधारण चार केबी.

फक्त ही फाइल पेन ड्राइव्हवर करू नका. त्यावर बहुधा फॅट३२ ही फाइल सिस्टिम असते; तिच्यात पोकळ फाइल होत नाही, आणि चार जीबीपुढे तर ती फाइलच घेत नाही. मग दोष भाषेचा की ड्राइव्हचा, कळत नाही.