युनिफॉर्म सेकंडहँड घ्यायचाय? एप्रिलमध्येच शोधायला लागा

जून उजाडला की ग्रुपवर "कुणाकडे सहावीचा पीटी ड्रेस आहे का" सुरू होतं, पण तोवर चांगला माल गेलेला असतो. खरी वेळ म्हणजे वार्षिक परीक्षा संपते तो आठवडा. तेव्हा लोक कपाटं आवरत असतात आणि जुने कपडे बोहारणीला देऊन एखादं पातेलं घ्यावं का या विचारात असतात, त्याच्या आधी आपण पोचायचं. आपल्या पोरापेक्षा दोन इयत्ता पुढच्या मुलांच्या आयांना विचारा, नाहीतर सरळ व्हॅनवाल्या काकांना, कुठलं पोर शाळा सोडतंय ते त्यांना सगळ्यात आधी कळतं.

पॅन्ट हातात आली की आधी उलटी करा आणि खालची दुमड बघा. आत दोनेक इंच कापड असेल तर डोळे झाकून घ्या, उसवून लांबी वाढवली की अजून एक वर्ष निघतं. जुन्या दुमडीची रेघ राहते थोडी, पाण्यात पांढरं व्हिनेगर घालून त्यात पिळलेलं फडकं वर ठेवून इस्त्री फिरवा, बरीच जाते, पण तिथला रंगच उडाला असेल तर नाही जाणार. मग पॅन्ट उजेडात धरा, गुडघे आणि बूड चकाकत असेल तर कापड घासलं गेलंय, राहू दे. चेन, हुक, इलास्टिकचं टेन्शन नको, अल्टरवाला थोडक्यात बदलून देतो. साइजच्या नंबरवर जाऊ नका, घरी नीट बसणारी पॅन्ट मापून टेप सोबत न्या.

सगळ्यात फायद्याचा ब्लेझर, वर्षातून चार वेळा घालतात आणि नवा घ्यायचा तर खिसा रिकामा. हाउसचा टी-शर्ट घेताना रंग विचारून घ्या आणि छापील लोगो तडकलेला नको. पांढरा शर्ट मात्र कॉलर आणि काखेत पिवळा असेल तर फुकट मिळाला तरी नको, कितीही नीळ घाला. बूट तर नाहीच, ते आधीच्या पायाच्या आकाराचे झालेले असतात.

भाव म्हणाल तर नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत ठीक, ब्लेझरला निम्मे. सासूबाई "दुसऱ्याचं उतरलेलं कशाला" म्हणतीलच, कडक धुऊन इस्त्री करून दाखवा, ओळखू येत नाही.

आणि कॉलरच्या आतलं जुनं नाव आठवणीने खोडा, नाहीतर शर्ट हरवला की जुन्या मालकाच्या वर्गात पोचतो.